गोव्यात डिलिव्हरीचं काम धरताना: कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर

सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ, वेंगुर्ला या बाजूची बरीच पोरं हल्ली गोव्यात डिलिव्हरीला जातात. त्यातली काही नीट कमावतात, बाकीची जूनमध्ये गाडीचा हप्ता थकवून घरी येतात. काम दोघांचं तेच, ॲप तेच. फरक क्रमात असतो. बहुतेक जण आधी हप्त्यावर गाडी घेतात, मग आयडी (ॲपवरचं कामाचं खातं) काढतात, मग मित्राच्या खोलीत जागा शोधतात, आणि हिशेब अगदी शेवटी, पैसे संपल्यावर. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. दुसरा टप्पा अर्धवट ठेवून चौथ्यावर गेलात तर पुन्हा दुसऱ्यावरच यावं लागेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात घ्या. पैसे ऑर्डर पोचवल्याचे मिळतात, पेट्रोल मात्र जाण्याचंही जळतं आणि येण्याचंही. गोव्यातली गावं पसरलेली. ऑर्डर देऊन परत येतानाचं रिकामं अंतर कोण कमी करतो, त्यावर महिन्याअखेर हातात काय उरतं ते ठरतं.

## टप्पा १: हंगाम आणि जागा ठरवा

गोव्यात या धंद्याचे दोन पट्टे आहेत आणि ते एकमेकांसारखे अजिबात वागत नाहीत.

पहिला किनाऱ्याचा: कांदोळी, कळंगुट, बागा, हणजूण, आसगाव, शिवोली, वर मोरजी-मांद्रेपर्यंत. गिऱ्हाईक म्हणजे पर्यटक आणि व्हिलात राहणारे. ऑक्टोबरपासून काम चढतं, नाताळ ते नववर्ष कळस गाठतं, मेअखेर शॅक (किनाऱ्यावरची हंगामी झोपडी-हॉटेलं) उतरले की धाडकन खाली येतं. दुसरा शहरांचा: पणजी, ताळगाव, पर्वरी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा. इथे नोकरदार, विद्यार्थी, कायम राहणारी कुटुंबं. नाताळाची लॉटरी इथे लागत नाही, पण जुलैतही जेवणाच्या ऑर्डरी येतात, आणि पाऊस लागला की घराबाहेर न पडणारे उलट जास्त मागवतात.

नवा माणूस नेमका डिसेंबरात कळंगुटला उतरतो. खोलीचं भाडं तेव्हा सगळ्यात जास्त, रस्ते तुंबलेले, गल्ल्या अनोळखी. कामाचे दिवस शिकण्यातच जातात. त्यापेक्षा सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात एखाद्या शहरी झोनमध्ये (ॲपने कामासाठी आखलेल्या भागात) सुरुवात करा, तिथे हात बसवा, आणि ॲप झोन बदलू देत असेल तर हंगामापुरते किनाऱ्याला जा.

राहण्याचं काय? बांद्याहून म्हापशाला रोज ये-जा म्हणजे साठेक किलोमीटर, बिनपगारी. शिवाय रात्री बाराला महामार्गावर बसलेली गुरं. काळ्या म्हशी तर हेडलाइट अंगावर पडेपर्यंत दिसत नाहीत. दोघा-तिघांत खोली घ्या. घरमालकाकडून भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात दिला गेलाय ना ते विचारा आणि त्याची पोच मोबाइलमध्ये ठेवा. परराज्यातली पाटी बघून नाक्यावर अडवलं की ती उपयोगी पडते.

तपासा: खोलीचं डिपॉझिट देण्याआधी त्या भागात एक संध्याकाळ सात ते दहा काढा. चालत्या रेस्टॉरंटबाहेर डिलिव्हरीवाले उभे असतातच. "किती कमावतोस?" असं विचारू नका, माणूस एकतर सर्वांत चांगला दिवस सांगतो नाहीतर सर्वांत वाईट. तीन प्रश्न विचारा: एका ऑर्डरीला साधारण काय पडतं, दोन ऑर्डरींत किती वेळ जातो, आणि ड्रॉप (ऑर्डर पोचवायचं ठिकाण) लांबात लांब कुठे जातो.

## टप्पा २: कागद

लागतात ते असे: आधार, पॅन, पक्कं लायसन्स, गाडीचं आरसी, चालू विमा, पीयूसी, स्वतःच्या नावावरचं बँक खातं. लर्निंगवर काम मिळत नाही. गिअरची गाडी चालवणार असाल तर लायसन्सवर तो वर्ग आहे का पाहा. फक्त बिनगिअरचं लायसन्स काढून मोटारसायकल चालवणारे कमी नाहीत.

आता जिथे अडकायला होतं ते सांगतो.

आधार, पॅन आणि बँक या तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे नाही, एवढ्यावर पडताळणी परत येते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, सगळे ओटीपी त्यावरच येतात. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय धरलं जातं आणि कर जास्त दराने कापला जातो. हे गावीच उरकून घ्या. गोव्यातून एका दुरुस्तीसाठी घरी यायचं म्हणजे दोन दिवस बुडतात.

गाडी वडिलांच्या नावावर असली तरी बहुतेक ठिकाणी चालते. पण विम्यात जो सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा. गाडी बाबांच्या नावावर आणि चालवणारे तुम्ही, तर ते १५ लाख तुमच्यासाठी नाहीत. तुमच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्या. फार महाग नसते.

दुसरं विम्याचंच. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असं एक कलम असतं. त्यात भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. अपघात डिलिव्हरी करताना झाला असं दिसलं की विमा कंपनी याच कलमावर बोट ठेवते. पॉलिसी काढताना एजंटला स्पष्ट सांगा की गाडी डिलिव्हरीला वापरणार आहे, आणि तसं संरक्षण लेखी मागा. "होता सगळा, काय काळजी नको" या तोंडी उत्तरावर उठून येऊ नका.

एमएच-०७ पाटीची गाडी गोव्यात चालते. पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी सलग १२ महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी आधी सिंधुदुर्ग आरटीओची एनओसी हवी. वर्षभर राहायचा बेत पक्का असेल तर दहाव्या महिन्यातच हालचाल सुरू करा.

तपासा: सगळे कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये दिसतात का पाहा. तिथली प्रत कायद्याने चालते. पीयूसी आणि विमा संपण्याच्या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पंधरा दिवस आधीच्या गजरासह टाका.

## टप्पा ३: गाडी, मोबाइल आणि बॅग

पहिले तीन महिने नवी गाडी घेऊ नका. घरात आहे ती न्या. जुनी ॲक्टिव्हा असो की शंभर सीसीची मोटारसायकल, ब्रेक, टायर, चेन आणि लाइट नीट असले की पुरे. स्कूटरला पायाशी सामान ठेवायला जागा आणि गर्दीत सोपी, मोटारसायकलला ॲव्हरेज जास्त. शहरात स्कूटर, लांब ड्रॉपच्या झोनमध्ये मोटारसायकल, असं माझं मत.

इलेक्ट्रिक गाडी भाड्याने देणारेही असतात. त्यांचं भाडं तुम्ही काम करा न करा, रोज चढतं. गणपतीला चार दिवस घरी गेलात तरी. हिशेब तसा मांडा. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॉटच्या आतल्या गाडीला लायसन्स-नोंदणी लागत नाही हे खरं, पण दोन पोती लादल्यासारखी ती पर्वरीचा चढ चढते.

सावधान: पर्यटकांना भाड्याने देतात ती काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची गाडी डिलिव्हरीला वापरू नका. तिचा परवाना त्या कामाचा नाही. तसंच पांढऱ्या पाटीच्या गाडीवर पैसे घेऊन पॅसेंजर बसवू नका. गोव्यात ते काम पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटांचं (मोटारसायकल टॅक्सीवाल्यांचं) आहे आणि त्यांचा परवाना वेगळा असतो.

मोबाइलमध्ये दोनच गोष्टी बघा: बॅटरी आणि भर उन्हात वाचता येईल असा स्क्रीन. हँडलला धरणारा मजबूत होल्डर, एक पॉवर बँक, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम. आतल्या वाड्यांत एकाची रेंज जाते तिथे दुसऱ्याची असते. गाडी चालवताना फोन हातात धरणं हा वेगळा गुन्हा आहे, म्हणून होल्डरवर पैसे वाचवू नका.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच. कायद्यात विनाहेल्मेट १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन आहे. हजार रुपये एका दिवसात भरून निघतील, लायसन्सशिवाय तीन महिने काय करणार?

बॅगेकडे कुणी लक्ष देत नाही आणि रेटिंग मात्र तिथेच पडतं. नवी बॅग आली की तळाला जाड पुठ्ठा कापून बसवा, म्हणजे तळ झोळीसारखा लोंबत नाही. चार-पाच जुनी वर्तमानपत्रं घट्ट गुंडाळून रबर लावून आत ठेवून द्या. एकच फिश थाळीचं पार्सल असलं की त्या गुंडाळ्या चारी बाजूंनी पाचर म्हणून बसतात. हुमणाचा (माशाच्या कढीचा) डबा तिरका झाला की झाकण सुटतं, तेल कागदी पिशवीत मुरतं, आणि गिऱ्हाइकाच्या दारात पिशवीचा तळ फाटतो. सोलकढीची बाटली कधी आडवी ठेवू नका. रात्री बॅग उघडी ठेवून आतून ओल्या फडक्याने पुसा. आठवड्याभराचा मासळीचा वास बॅगेत बसला की केक मागवणाराही तक्रार करतो, आणि त्याचं चुकत नाही.

## टप्पा ४: आयडी उघडणं

नोंदणी फक्त कंपनीच्या अधिकृत ॲपमधून करा. "दोन हजार द्या, उद्या आयडी" म्हणणारा एजंट तुमच्या वतीने तोच फॉर्म भरतो, आणि पुष्कळदा त्यात स्वतःचा नंबर टाकतो. बॅग, टी-शर्टचे पैसे कंपनी घेत असेल तर ते किती, आणि एकदम की पेआउटमधून (कंपनी तुम्हाला देते त्या पैशांतून) हप्त्याने, हे ॲपमध्ये वाचून घ्या.

फॉर्ममध्ये तीन ठिकाणी थांबा:

१. झोन. घाईत जवळचं दिसेल ते निवडू नका. नंतर बदलायला वेळ लागतो, आणि बदल मिळेपर्यंत तुम्ही खोलीपासून बारा किलोमीटरवर लॉगिन करत बसता.

२. बँक खातं. आयएफएससी पुन्हा वाचा. पहिला पेआउट अडकण्याचं कारण बहुतेक हेच.

३. विम्याचा नॉमिनी. बरेच जण रिकामा सोडतात. आई, वडील, बायको, ज्यांचं नाव द्यायचं ते पूर्ण द्या.

सावधान: दुसऱ्याच्या आयडीवर काम करू नका, स्वतःची आयडी भाड्याने देऊ नका. ॲप अधूनमधून सेल्फी मागतं, चेहरा जुळला नाही की आयडी बंद. ते सोडा. अपघात झाला तर कंपनीच्या लेखी तुम्ही तिथे नव्हताच, विमा शून्य. आणि तुमच्या आयडीवर दुसऱ्याने काही भानगड केली तर पोलीस तुमच्या घरी येणार.

## टप्पा ५: पहिल्या आठवड्यात झोन पाठ करा

लॉगिन सुरू झालं की पहिल्या आठवड्यात कमाईचा आकडा बघू नका. रस्ते बघा.

नकाशा दुचाकीवर ठेवलाय ना ते पाहा. कारवर राहिला असेल तर पणजी-पर्वरी जाताना तो तुम्हाला अटल सेतूवर चढवेल. तिथे दुचाकीला बंदी आहे, आपले ते खालचे जुने मांडवी पूल. पणजीत अठरा जून रस्ता एकदिशा. रेस्टॉरंट समोर दिसत असूनही वळसा घ्यावा लागतो, तो वेळ धरूनच ऑर्डर घ्या. दिवाडी-चोडणकडे नकाशा फेरीबोट धरून अंतर दाखवतो, फेरीची वाट बघण्याचे मिनिट त्यात धरलेले नसतात.

पत्ता हा इथला खरा विषय. घर नंबर सलग नसतात, एका वाड्यात तीनशे बाराच्या शेजारी सत्तेचाळीस असू शकतो. व्हिलांना इंग्रजी नावं, आणि शेजाऱ्याला ती माहीत नसतात. लोक सांगतात ते चॅपेल (छोटं चर्च), खुरीस (क्रॉस), घुमटी (छोटं देऊळ), पंचायत, पोसरो (किराणा दुकान), नाहीतर एखादा बार. म्हणून रोज संध्याकाळी काम सुरू करण्याआधी अर्धा तास आपल्या झोनमधल्या वाड्या फिरा आणि ही ठिकाणं नकाशात सेव्ह करत जा. आठ-दहा दिवसांत फोन करायची गरज निम्म्यावर येते.

गिऱ्हाइकाला "लोकेशन पाठवा" एवढंच म्हणू नका, तो चुकलेलंच पुन्हा पाठवतो. विचारा: मुख्य रस्त्यावरून आत वळताना कोपऱ्यावर काय आहे, आणि गेटचा रंग कोणता? मालवणी बोलणाऱ्याला कोंकणी अर्धी येतेच. "खंय येवं?" म्हटलं तरी समोरचा माणूस सैल होतो आणि नीट खुणा सांगतो. पाव घेऊन फिरणारा पोदेर भेटला तर त्याला विचारा, त्याला प्रत्येक दार ठाऊक असतं.

तपासा: आठवड्याअखेर तुम्हाला न बघता सांगता आलं पाहिजे: झोनमधली सगळ्यात जास्त ऑर्डरी देणारी पाच रेस्टॉरंटं कोणती, त्यातलं कुठलं नेहमी उशीर करतं, आणि कोणत्या बाजूचा ड्रॉप तुम्हाला रिकामं परत पाठवतो.

## टप्पा ६: एक ऑर्डर, घेतल्यापासून देईपर्यंत

१. घेण्याआधी तीन आकडे एका नजरेत वाचा: पिकअपचं अंतर, ड्रॉपचं अंतर, पैसे. आणि मनात चौथा: तिथून परत किती. म्हापशाहून आसगावच्या आतल्या व्हिलाला जाणारी ऑर्डर कागदावर बरी दिसते, पण दुपारी तीनला तिथून परतीची ऑर्डर मिळत नाही. रात्री नऊला मिळते. तीच ऑर्डर, वेळ बघून चांगली किंवा वाईट. नाकारल्याचा इन्सेन्टिव्हवर (टार्गेट पूर्ण केल्यावरच्या जादा पैशांवर) काय परिणाम होतो ते ॲपमधल्या अटींत आधी वाचलेलं असू द्या.

२. रेस्टॉरंटवर पोचलात की लगेच "पोचलो" दाबा, आधी नको. वाटेतच दाबून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं, आणि वाट बघण्याचे पैसे मिळत असतील तर त्यांची तक्रारही अडकते.

३. काउंटरवर ऑर्डर नंबरचे शेवटचे आकडे तुम्ही स्वतः वाचून दाखवा. नगांची संख्या बिलाशी जुळवा: पिशव्या किती, पेयं वेगळी आहेत का, सील आहे का. सील फाटलेलं असेल तर तिथेच दुसरं लावून घ्या. दारात गेल्यावर "सोलकढी कुठाय?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं.

४. बॅगेत जड आणि रस्सा तळाला, गार वस्तू वेगळ्या कप्प्यात, पावाची पिशवी सगळ्यात वर. दोन ऑर्डरी एकत्र असतील तर पहिली द्यायची ती वर. अंधारात अदलाबदल होते, म्हणून पिशवीवर पेनाने १ आणि २ लिहा. दहा सेकंद लागतात.

५. दारात ओटीपी असेल तर आधी ओटीपी, मग पिशवी. रोख असेल तर समोर मोजा. ऑनलाइन द्यायचं म्हणाला तर ॲपमधलाच क्यूआर दाखवा, आणि तुमच्या ॲपवर पैसे आल्याचं दिसेपर्यंत थांबा. त्याच्या मोबाइलचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या खात्यावर घेऊ नका, तो गैरव्यवहार ठरतो.

६. गिऱ्हाईक सापडत नसेल तर ॲपमधूनच फोन करा, ॲपमध्येच मेसेज टाका. स्वतःच्या नंबरवरून केलेला फोन कंपनीला दिसत नाही. ठरलेला वेळ थांबून मगच ऑर्डर रद्द करण्याचा पर्याय वापरा, आणि गेटचा फोटो काढून ठेवा.

समुद्रकिनाऱ्यावरून "पाण्याजवळ बसलोय, इथेच आण" असे फोन येतात. गाडी वाळूत घालू नका, किनाऱ्यावर वाहन नेणं हा गुन्हा आहे, आणि स्कूटर रुतली की ओढायला चार माणसं लागतात. रस्ता संपतो तिथलं ठिकाण सांगा आणि तिथे बोलवा.

सावधान: "कंपनीतून बोलतोय, ऑर्डर रद्द झाली, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. खरा सपोर्ट तुमच्याकडे ओटीपी मागत नाही. पार्सल सेवेत कुणी चिकटपट्टीने गच्च बांधलेलं पुडकं देत असेल आणि आत काय ते सांगत नसेल, तर घेऊ नका. पकडलं गेलं तर ते ज्याच्या बॅगेत सापडतं त्याचं असतं.

## टप्पा ७: रोजचा हिशेब

ॲपवर दिसते ती जमा. कमाई वेगळी. वही करा, किंवा मोबाइलमध्ये चार रकाने: लॉगिनचे तास, मीटरचे एकूण किलोमीटर (खोलीतून निघून खोलीत येईपर्यंत), जमा, पेट्रोल.

उदाहरण घ्या, आकडे फक्त समजायला. गाडी लिटरला ४५ जाते, पेट्रोल ९७ रुपये, आणि ऑइल, टायर, ब्रेक, चेन यांची झीज किलोमीटरला १ रुपया.

पहिला गडी ११ तास काम करतो, ११० किलोमीटर फिरतो, ९०० रुपये जमवतो. पेट्रोल २३७, झीज ११०. उरले ५५३. तासाला पन्नास.

दुसरा फक्त जेवणाच्या दोन वेळांना मिळून ७ तास, ६० किलोमीटर, जमा ६५०. पेट्रोल १२९, झीज ६०. उरले ४६१. तासाला जवळपास सहासष्ट.

पहिला खोलीवर जाऊन "नऊशे केले" म्हणतो, दुसरा गप्प असतो. पण पहिल्याने चार तास जास्त घालून ब्याण्णव रुपये जास्त मिळवले. दुपारी तीन ते साडेसहा लांबचे ड्रॉप घेत फिरण्यापेक्षा झोप काढणं परवडतं, हे वहीशिवाय कळत नाही. इन्सेन्टिव्हचं मात्र वेगळं बघा. दोन ऑर्डरींसाठी टार्गेट चुकत असेल तर तेवढ्यापुरतं थांबणं कधी कधी फायद्याचं. दहा ऑर्डरी कमी असताना थांबू नका.

झीजेचा रुपया रोज वेगळा काढा. प्रत्यक्ष वेगळा, दुसऱ्या खात्यात किंवा डब्यात. नाहीतर टायर गेला त्या दिवशी उसने मागावे लागतात.

रोख रकमेचं सांभाळा. हातात जमलेली रोकड कंपनीची असते. ठरलेली मर्यादा ओलांडली की ऑर्डरी थांबतात, तेही नेमक्या रात्री साडेआठला. दुपारच्या सुट्टीत भरून टाका. हप्ता नको, भाडं नको, त्या पैशातून काही नको.

नवी गाडी घ्यायची असेल तर तीन महिन्यांची वही समोर ठेवून ठरवा, आणि हप्ता जुलैच्या उरलेल्या पैशातून जाईल का ते बघा. डिसेंबरचे आकडे बघून घेतलेला हप्ता डिसेंबरपुरताच परवडतो.

(पेट्रोल गोव्यात आपल्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे घरी येताना सगळेच सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे टाकी भरतात. ठीक आहे. पण डिलिव्हरीच्या बॅगेत मित्रांसाठी बाटल्या आणू नका. इन्सुलीच्या नाक्यावर ती बॅग हमखास उघडायला लावतात, आणि महाराष्ट्रात परवान्याविना गोव्याची दारू आणणं हा सरळ गुन्हा आहे. लायसन्स, गाडी, काम, सगळंच अडकतं.)

## टप्पा ८: पावसाळ्याची तयारी, मे महिन्यातच

पावसात पैसे जास्त मिळतात, कारण गाड्या कमी उतरतात. म्हणूनच पावसात पडणारेही जास्त.

मेमध्ये करायची कामं: टायरची नक्षी झिजली असेल तर मागचा आधी बदला, ब्रेक शू तपासून घ्या, चेनला वंगण, हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरी झाकून घ्या. रेनकोट दोन तुकड्यांचा घ्या. पोंचो वाऱ्याने चाकात जातो. बॅगेला वेगळं आवरण, आणि आत एक मोठी प्लास्टिक पिशवी, शिवणीतून पाणी झिरपतंच.

मोबाइलच्या पारदर्शक पाकिटावर थेंब पडले की स्क्रीन आपोआप दाबली जाते आणि नको ती ऑर्डर स्वीकारली जाते. होल्डरवर टोपीच्या झापेसारखा आडोसा बसवा, आणि कानात एका बाजूला इअरफोन घालून दिशा ऐका. दुसरा कान हॉर्नसाठी मोकळा.

रस्त्यात धोका तीन प्रकारचा. पहिल्या सरींनंतर तांबड्या मातीचा पातळ थर, तो तेलासारखा घसरतो. पाण्याखाली झाकलेले खड्डे, विशेषतः जिथे कामं चालू आहेत तिथे. आणि वाऱ्याच्या रात्री माडाखालचे रस्ते: झावळ पडते, कधी नारळ. माडाच्या खाली उभं राहून ऑर्डरीची वाट बघू नका, दुकानाच्या छपराखाली उभे राहा.

तपासा: पाण्यातून गाडी नेली असेल तर पुढे निघण्यापूर्वी दोनदा हलका ब्रेक मारून पाहा. ड्रम ब्रेक भिजले की पहिल्या दाबाला धरत नाहीत.

## टप्पा ९: अपघात, बंद झालेली आयडी आणि कर

पडलात किंवा कुणाला लागलं तर आधी १०८, पोलिसांसाठी ११२. मग ॲपमधलं एसओएस किंवा अपघाताचं बटण, चालू ऑर्डर असतानाच. कंपनीचा विमा साधारणपणे लॉगिन किंवा ऑर्डर चालू असतानाच्या अपघातालाच लागू होतो, त्यामुळे वेळेची नोंद महत्त्वाची. ऑर्डर कुणाला तरी देऊन, लॉगआउट करून, मग दवाखाना, असं करू नका. गाडीचा, जागेचा, ॲपच्या स्क्रीनचा फोटो काढा. पोलिसांत नोंद, दवाखान्याचे सगळे कागद, बिलं जपून ठेवा. मोठी जखम असेल तर उत्तरेला म्हापशाचं जिल्हा रुग्णालय, दक्षिणेला मडगावचं, आणि गंभीर असेल तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची २०२५ची कॅशलेस योजना आहे: पहिल्या सात दिवसांत दीड लाखांपर्यंतचे उपचार, नेमलेल्या रुग्णालयांत. दाखल करतानाच तिचं नाव घ्या.

आयडी अचानक बंद झाली तर रागाने दहा तक्रारी टाकू नका, एकच नीट टाका: तारीख, ऑर्डर नंबर, काय झालं, सोबत स्क्रीनशॉट. पोच क्रमांक लिहून घ्या. म्हणूनच पेआउटचे आणि रेटिंगचे स्क्रीनशॉट दर आठवड्याला काढून ठेवायचे. आयडी बंद झाल्यावर आतलं काही दिसत नाही. आणि एकाच ॲपवर पोट ठेवू नका. दुसऱ्या ॲपवरही स्वतःची आयडी काढून, महिन्यातून थोडं काम करून ती जिवंत ठेवा.

ई-श्रम या सरकारी पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार (ॲपमार्फत काम करणारा) म्हणून नोंदणी करा, फुकट आहे, १२ आकडी क्रमांक मिळतो. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि त्यात गिग कामगाराची (पक्क्या नोकरीबाहेर असं काम करणाऱ्याची) व्याख्या पहिल्यांदा कायद्यात आली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत घालायची तरतूद त्यात आहे. लाभ नोंद असलेल्यांनाच मिळणार, तेव्हा दहा मिनिटं काढा.

कर: कंपनी पेआउटमधून टीडीएस कापत असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झालेला दिसतो. उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरल्याशिवाय ते पैसे परत येत नाहीत. म्हापशात, कुडाळात कुठेही रिटर्न भरून देणारे आहेत. त्यांना पेट्रोल-दुरुस्तीची वही दाखवा.

चतुर्थीला किंवा कायमचं गावी निघताना: हातातली रोकड भरून बाकी शून्य करा, बॅगेचं डिपॉझिट परत मिळत असेल तर मागून घ्या, आणि मोबाइल विकणार किंवा भावाला देणार असाल तर आधी ॲपमधून लॉगआउट करून सिम काढून घ्या.